चामड्याचा वाफसा

कोरीव काम केलेला एखादा पट्टा किंवा वहीचं चामडी कव्हर हातात आलं की लोक आधी नक्षी बघतात आणि मग हत्यारांची चौकशी करतात. पातं कुठलं, ठसे किती, हातोडी कसली. साहजिकच आहे. हत्यारं डोळ्यांना दिसतात, त्यांचा ठकठक आवाज येतो. पण या कामात मुरलेल्या माणसाच्या हातात तोच तुकडा द्या. तो आधी पालथा करून मागची बाजू बघेल, कडेवरून अंगठा फिरवेल, मग ठशाच्या तळाशी रंग किती गडद उतरलाय ते निरखेल आणि सांगेल, ‘पाणी बरोबर होतं’ किंवा ‘घाई झाली’. पात्याला हात लागायच्या आधीच नक्षीचं निम्म्याहून अधिक ठरून गेलेलं असतं, असं माझं ठाम मत आहे. म्हणून हा लेख त्या आधीच्या वेळाबद्दल. चामडं निवडण्यापासून ते पहिला छेद पडेपर्यंतच्या.

ओलसर चामड्यावर ठसा दाबला आणि वाळल्यावरही तो तसाच राहिला, एवढीच या कलेची किमया. पण ती सगळ्याच चामड्यांत नसते. जनावराचं कातडं म्हणजे कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचं दाट विणलेलं जाळं. कच्चं कातडं वाळलं की खडखडीत होतं, ओलं राहिलं की कुजतं. ते टिकावं म्हणून कमवावं लागतं. हजारो वर्षं हे काम झाडांनी केलं. ओक, चेस्टनट, बाभूळ, मिमोसा यांच्या साली आणि लाकूड, हिरड्यासारखी फळं. यांच्यातलं टॅनिन पाण्यात उतरतं, हळूहळू कातड्यात शिरतं, तंतूंना चिकटतं आणि त्यांच्यामधल्या फटी भरून काढतं. याला आठवडे लागतात, जाड कातड्याला जुन्या हौदांच्या पद्धतीत कित्येक महिने.

एकोणिसाव्या शतकात हे चित्र पालटलं. क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावता येतं हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिश क्नाप यांनी 1858 मध्ये मांडलं. 1884 मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी त्याच्या व्यवहारी पद्धतीचं पेटंट घेतलं आणि 1893 मध्ये मार्टिन डेनिस यांच्या पद्धतीनं ते आणखी सोपं केलं. महिन्यांचं काम एखाद्या दिवसावर आलं. आज जगातलं बहुतांश चामडं क्रोमचंच असतं. बुटांचे वरचे भाग, जाकिटं, सोफे, बहुतेक पर्सेस. ते मऊ असतं, हलकं असतं, पाण्याला फारसं दाद देत नाही, उकळत्या पाण्यातही सहसा आकसत नाही. त्या चामड्याला नावं ठेवायचं काहीच कारण नाही. फक्त ते आपला आकार सोडत नाही. क्रोमनं तंतू एकमेकांशी इतके पक्के बांधले जातात की दाबले तरी दाब सुटल्यावर ते जवळपास मूळ जागी परत येतात. ठसा मारा, पाच मिनिटांनी त्याच्या कडा फुगून बोथट झालेल्या दिसतील.

वनस्पतींच्या टॅनिननं कमावलेल्या चामड्याचं वागणं वेगळं. तिथले बंध तुलनेनं नाजूक, आणि पाण्यानं सैल होणारे. पाणी आत गेलं की तंतूंना एकमेकांवरून सरकायला वाव मिळतो. दाबले की ते दाट होऊन बसतात, पाणी निघून गेलं की नव्या जागीच नव्यानं धरून राहतात. कोरीव कामाचं सगळं शास्त्र या दोन वाक्यांत आलं. मऊ करायचं ते पाण्यानं, आणि पक्कं करायचं तेही पाणी काढून घेऊनच. दरम्यानच्या काळात जे काय करायचं ते आपलं.

नवा तुकडा हातात आला की मी कापलेली कड उजेडात धरते. वनस्पतींनी कमावलेल्या चामड्याची कड आरपार एकाच रंगाची असते, फिकट बदामी ते तांबूस. क्रोमच्या चामड्यात वरून रंग कुठलाही असो, कडेला मधोमध निळसर-राखाडी पट्टी बरेचदा डोकावते. मग पाण्याचा एक थेंब. कच्च्या, रंग न दिलेल्या वनस्पती-चामड्यावर थेंब काही क्षण थबकतो आणि मग आत ओढला जातो, भोवती गडद डाग पसरतो. थेंब तसाच मण्यासारखा बसून राहिला तर वर मेण, तेल किंवा रंगाचा थर आहे. त्या डागावर नखानं एक रेघ ओढायची. रेघ स्वच्छ उमटून तिथंच राहिली तर पुढं जायला हरकत नाही. या परीक्षेला दोन मिनिटंही लागत नाहीत, पण ती न करता काम सुरू करणारे खूप आहेत. विकणाऱ्यानं ‘अस्सल चामडं’ एवढंच सांगितलेलं असतं, आणि अस्सल तर क्रोमचं चामडंही असतंच.

आता कातड्याचा कुठला भाग. जनावराच्या पाठीचं, कण्याच्या दोन्ही बाजूंचं चामडं सर्वांत घट्ट आणि एकसारखं. खांद्याकडचंही चांगलं, जरा लवचीक, तिथं मानेच्या वळ्या दिसतात. पोटाकडचं सैल आणि ताणणारं, कारण तिथं तंतूंची वीण आडवी आणि विरळ असते. पोटाच्या भागावर ठसा मारला की तो बसतो खरा, पण चामडं भोवतीनं पसरतं, आणि बारीक पानाफुलांच्या नक्षीत एक पान दुसऱ्याच्या मानानं वाकडं होऊन बसतं. तुकडा केसांची बाजू आत घेऊन दुमडून बघायचा. घट्ट भागात बारीक, जवळजवळ सुरकुत्या पडतात. सैल भागात मोठ्या, पोकळ घड्या. हे डोळ्यांना एकदा कळलं की कायमचं कळतं.

जाडी बऱ्याच ठिकाणी अजून औंसात सांगतात. एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्ठावा भाग, साधारण 0.4 मिलिमीटर. आठ-नऊ औंसांचं चामडं म्हणजे सव्वातीन-साडेतीन मिलिमीटर, पट्ट्याला उत्तम. खोल उठावाच्या नक्षीला जाडी लागतेच, कारण छेद जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून फार तर निम्म्यापर्यंत जातो. पातळ चामड्यावर नक्षी करता येते, पण तिथं खोलीचा आग्रह सोडावा लागतो.

कातड्यावर जनावराचं आयुष्य उमटलेलं असतं. कीटकांच्या चाव्यांचे ठिपके, काट्यांचे ओरखडे, बऱ्या झालेल्या जखमा, डागणीच्या खुणा. जखम बरी झाल्यावर तिथं आलेली कातडी दाट असते, पाणी तिथं वेगळ्या वेगानं जातं आणि ठसाही वेगळा उतरतो. त्यामुळे आराखडा आधी आणि कातडं नंतर, असं न करता कातडं समोर पसरून त्याच्याभोवती आराखडा बसवणं मला जास्त पटतं. खूण टाळायची असेल तर ती कापून बाजूला जाईल असं मांडायचं, किंवा नक्षीच्या दाट भागात ती जाईल असं बघायचं. मी बरेचदा ती मुद्दाम मोकळ्या भागात ठेवते. ती त्या जनावराची खूण आहे, तिथं राहायचा तिला हक्क आहे.

तुकडा कापला की मग स्वच्छता, आणि इथं एका रसायनाबद्दल सविस्तर सांगायलाच हवं. टॅनिन, पाणी आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग तयार होतो. शेकडो वर्षं लिहायची शाई याच क्रियेनं बनत होती. चामड्यात टॅनिन ठासून भरलेलं असतं, आपण त्यात पाणी घालतो, म्हणजे उरलं फक्त लोखंड. गंजलेल्या बादलीतून घेतलेलं पाणी, पत्र्याची थाळी, पोलादी लोकरीचे अदृश्य कण, टेबलावर राहिलेली किसाची धूळ. ओल्या चामड्यावर यातलं काहीही पडलं की काही मिनिटांत निळसर काळे ठिपके उमटतात. म्हणून भांडं प्लास्टिकचं, काचेचं किंवा चिनीमातीचं घ्यायचं, ठसे क्रोमचा मुलामा दिलेले किंवा न गंजणाऱ्या पोलादाचे. हत्यारं ज्या टेबलावर घासून धार लावली त्या टेबलावर चामडं भिजवायचं नाही. ठिपके पडलेच तर लिंबाचा रस पाण्यात मिसळून लावला की ताजे असताना बरेचसे फिके होतात. ऑक्झॅलिक आम्लाचं अगदी सौम्य द्रावणही वापरतात, पण ते विषारी आहे, हातमोजे हवेतच. काहीही लावलं तरी नंतर स्वच्छ पाण्यानं तुकडा पुसून घ्यायचा.

हातांचं तेलही पाण्याला अडवतं. ज्या जागी बोटं वारंवार टेकली तिथं पाणी उशिरा जातं, आणि पुढं रंग देताना तेच बोटांचे ठसे फिकट डाग होऊन वर येतात. हात धुऊन, कोरडे करून बसायचं. अंगठी आणि घड्याळ काढून ठेवायचं. नखं कापलेली हवीत. ओलं चामडं इतकं हळवं असतं की नखाचा निसटता स्पर्शही त्यावर राहून जातो, आणि त्या क्षणी तो दिसत नाही. वाळल्यावर दिसतो.

मग येतं पाणी.

नव्यानं शिकणाऱ्याला वाटतं, चामडं मऊ करायचंय ना, मग भरपूर भिजवलं की झालं. भिजलेलं चामडं मऊ होतं हे खरं, पण भिजलेल्या चामड्यावर काम होत नाही. पातं त्यात बुडतं, छेदाच्या कडा लगेच मिटतात, ठसा दाबला की पाणी वर येतं आणि तळाला रंग येतच नाही, सगळं फिकट आणि गुळगुळीत राहतं. कोरड्या चामड्यात उलट होतं. पातं अडखळतं, ओढावं लागतं, ठसा वरच्यावर राहतो आणि जोरानं मारलं तर केसांच्या बाजूचा पातळ थर फाटतो. काम होतं ते या दोहोंच्या मधल्या एका अवस्थेत. शेतकरी पाऊस पडल्या पडल्या पेरायला जात नाही, वाफसा यायची वाट बघतो. वर माती मोकळी झालेली, आत ओल धरलेली. चामड्यालाही तसा वाफसा यावा लागतो. गाभ्यात ओल सगळीकडे सारखी आणि वरचा थर जवळपास सुकलेला.

तो कसा आणायचा यावर दोन तट आहेत. एक स्पंजवाले. पिळलेल्या स्पंजानं वरची बाजू लांब, सरळ हातानं एकसारखी ओली करायची, जरा थांबायचं, पुन्हा ओली करायची, आणि रंग परतू लागला की काम सुरू. लहान तुकड्याला, घाईच्या दुरुस्तीला हे पुरतं. दुसरे रात्रभर मुरवणारे. तुकडा स्वच्छ पाण्यात बुडवायचा. आत शिरताच त्यातली हवा बारीक बुडबुड्यांच्या माळा होऊन वर येऊ लागते. आधी कडांमधून, मग सबंध पृष्ठभागावरून. बुडबुडे मंदावले की बाहेर. पातळ चामड्याला काही सेकंद, जाडाला थोडं जास्त. त्याहून अधिक वेळ ठेवलं तर पाण्यात टॅनिन उतरायला लागतं, पाणी चहाच्या रंगाचं होतं, आणि ते टॅनिन म्हणजे आपल्या चामड्याचाच एक भाग. बाहेर काढून निथळायचं, वरची चमक जाईपर्यंत उघडं ठेवायचं, आणि मग हवाबंद पिशवीत घालून रात्रभर सोडून द्यायचं.

मी दुसऱ्या तटातली आहे, आणि त्याची कारणं चामड्याच्या रचनेतच आहेत. पाणी वरून आत जाताना सगळीकडे एका वेगानं जात नाही. केसांची बाजू दाट, मागची बाजू मोकळी. कण्याजवळ घट्ट, कडेला सैल. जिथं चरबीचा अंश राहिला तिथं पाणी अडतं. भिजवल्यानंतर लगेच तुकडा कापून बघितला तर कडेला दोन्ही बाजूंनी गडद पट्टे आणि मधे कोरडी, फिकट रेघ दिसते. त्या स्थितीत वरचा थर सुकत गेला की वर बरोबर वाटतं, पण गाभा कोरडाच असतो. ठसा वरचा थर दाबतो आणि खालून काही साथ मिळत नाही. बंद पिशवीत पाण्याला बाहेर जायला वाट नाही. ते ओल्या भागाकडून कोरड्या भागाकडे सरकत राहतं, तंतूंच्या फटींमधून स्वतःच पसरतं, आणि सकाळपर्यंत ती मधली रेघ गेलेली असते. हे काम हातानं करता येत नाही. जास्त पाणी घालून लवकर होत नाही. गरम पाण्यानं तर मुळीच नाही, कारण ओलं वनस्पती-चामडं साधारण सत्तर-पंचाहत्तर अंश सेल्सिअसच्या पुढं आकसायला लागतं, आणि आकसलेलं चामडं टणक, ठिसूळ होतं, ते परत येत नाही. कोमट पाणी चालतं. पाण्यात भांडी घासायच्या द्रवसाबणाचा एखादा थेंब टाकतात तो पाण्याला आत शिरायला मदत म्हणून. चरबट तुकड्याला उपयोग होतो, चांगल्या तुकड्याला गरज पडत नाही.

पिशवी उबदार जागी दोन-तीन दिवस राहिली तर बुरशी येते. बुरशीला वनस्पती-चामडं आवडतं. काम लांबणार असेल तर पिशवी फ्रीजमध्ये ठेवायची. तरी आठवडाभर पिशवीत ठेवायचा मोह टाळलेलाच बरा.

सकाळी पिशवी उघडली की तुकडा गडद, गार आणि जड असतो. तो दगडावर सपाट पसरायचा आणि थांबायचं. हा थांबण्याचा वेळ मला सगळ्या कामात सर्वांत आवडतो. आधी काहीच होत नाही. मग कडांना, जिथून हवा दोन बाजूंनी लागते तिथं, रंग किंचित उघडतो. तो उजळपणा आत सरकत जातो, पण सरळ रेषेत नाही. किनारा वेडावाकडा असतो. कुठं सैल वीण आहे, कुठं जुनी जखम आहे, कुठं कापताना न दिसलेली नस आहे, ते या किनाऱ्याच्या वळणांत वाचता येतं. अर्धा तुकडा उजळला, मधे एक गडद बेट उरलं, मग तेही लहान होत गेलं. चामडं जवळपास कोरड्या रंगावर आलं, पण पूर्ण नाही, अजून त्यात एक छटा कमी आहे. तिथं ते गालाला लावून बघायचं.

मला हे शिकवणाऱ्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी तुकडा माझ्या हातात न देता ‘गालाला लाव’ म्हणून सांगितलं होतं. बोटांवर भरोसा ठेवू नकोस, म्हणाले, बोटं काम करून करून घट्टे पडलेली असतात, गाल नाही. दिसायला कोरडं, पण गालाला स्पष्ट गार लागतं, ती वेळ. गारवा का, तर आतली ओल वर येऊन उडते आहे आणि उडताना उष्णता घेऊन जाते आहे. म्हणजे गाभ्यात पाणी अजून आहे याचा तो पुरावा. गार लागलं नाही तर उशीर झाला. गार आणि ओलं दोन्ही लागलं तर अजून थांबायचं.

थांबण्याच्या वेळात बाकीची तयारी उरकते. ओलं चामडं ठोकलं की ताणतं, लांबीला आणि रुंदीला. पट्ट्यात थोडं चालून जातं, पण पेटीच्या झाकणाला किंवा दोन बाजू जुळवायच्या असतील तिथं दोन-तीन मिलिमीटरचा फरकही शिवण बिघडवतो. म्हणून मागच्या बाजूला रुंद चिकटपट्टी आडवी-उभी लावतात, किंवा सबंध तुकडा रबर सोल्युशननं ताठ पुठ्ठ्यावर चिकटवतात. पट्टी लावायची तर मागची बाजू कोरडी लागते, मग काहीजण भिजवण्याच्या आधी लावतात आणि पाणी फक्त वरून देतात. मी नक्षीचा तुकडा थोडा मोठा कापून, काम झाल्यावर मापाला आणते. चामडं थोडं वाया जातं, पण ताणाची धास्ती राहत नाही आणि दोन्ही बाजूंनी पाणी मुरवता येतं.

आराखडा उतरवायला साधा कागद नको, ओल लागून फाटतो आणि चिकटतो. पारदर्शक फिल्म घ्यायची, तिच्यावर पेन्सिलीनं नक्षी काढायची, ती चामड्यावर टेकवून बोथट टोकानं रेषा दाबत जायच्या. हात हलका ठेवायचा. इथं उमटलेली रेषा कायमची असते, पुसता येत नाही. ती छेदाखाली गेली पाहिजे, छेदाच्या शेजारी उरली तर दुहेरी दिसते. आणि पेन्सिल थेट चामड्यावर कधीही नाही.

खाली दगड हवा. ग्रॅनाइटची किंवा संगमरवराची जाड लादी. लाकडी टेबल ठोक्याचा निम्मा जोर स्वतःच खाऊन टाकतं आणि ठसा अर्धवट उतरतो. हातोडी लोखंडी नको, लाकडी मोगरी किंवा कातड्याची, नाहीतर प्लास्टिकची.

पहिला छेद कडेच्या, कापून टाकायच्या भागात द्यायचा. फिरतं पातं, स्विव्हल नाईफ म्हणतात ते, तर्जनीनं वरून दाबून आणि अंगठा-मधल्या बोटानं फिरवत ओढायचं असतं. चामडं वाफशावर असलं की पातं एका दमात, न अडखळता जातं, आणि छेदाच्या दोन्ही कडा स्वतःहून थोड्या उघडतात. त्या उघडण्यावरून कळतं. मिटल्या तर ओल जास्त. उघडल्या पण कडा खरखरीत, फाटल्यासारख्या, तर ओल कमी किंवा पात्याची धार गेलेली. धारेची शंका असेल तर पातं चामड्याच्या पट्टीवर हिरवी पॉलिश लावून दहा-वीसदा ओढायचं आणि पुन्हा बघायचं. मग एक ठसा. नीट असेल तर ठोक्याचा आवाज भरीव येतो, आणि ठसा उचलला की तळाला तांबूस-गडद रंग झिलई घेऊन बसलेला असतो, रंगाचा एक थेंबही न लावता. तो रंग दाबलेल्या तंतूंचा आहे. भिजलेल्यावर आवाज पचपचीत येतो आणि रंग येत नाही. आवाज लक्षात ठेवायला शिकलं की पुढं डोळ्यांना निम्मं काम उरतं.

हा वाफसा टिकत नाही हेच खरं कठीण. पंखा, ऊन, कोरडी हवा, पातळ चामडं, सगळं त्याच्या विरुद्ध. मोठ्या तुकड्यावर एका कोपऱ्यात काम चालू असताना दुसरा कोपरा सुकून चाललेला असतो. उघडा ठेवायचा तेवढाच भाग उघडा ठेवून बाकीचा प्लास्टिकनं झाकतात. ओल कमी झालीच तर पिळलेला स्पंज फिरवायचा, पण फक्त ठिपक्यापुरता नाही, सबंध भागावर, नाहीतर ओल्या-कोरड्याची सीमा डाग होऊन उरते. आणि पुन्हा ओलं केलं की पुन्हा थांबायचं. मागच्या बाजूनं ओल दिली तर वरची झालेली नक्षी कमी बिघडते, कारण वरून पडलेलं पाणी दाबलेल्या तंतूंना परत फुगवू बघतं.

हे सगळं किती टिकतं, याची साक्ष बघायची तर सेंट कथबर्ट या इंग्लंडमधल्या ख्रिस्ती संताच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या शुभवर्तमानाची, म्हणजे बायबलमधल्या येशूचरित्राच्या हस्तलिखित प्रतीची, बांधणी बघावी. आठव्या शतकाच्या सुरुवातीची, लालसर रंगाच्या बकरीच्या चामड्याची, पुढच्या कव्हरावर वेलीचा उठाव दिलेली. कथबर्ट 687 मध्ये गेले, ही प्रत त्यानंतर काही वर्षांनी त्यांच्या शवपेटीत ठेवली गेली आणि 1104 मध्ये पेटी उघडली तेव्हा सापडली. 2012 मध्ये ब्रिटिश लायब्ररीनं ती 90 लाख पौंडांना विकत घेतली. मूळ बांधणी शाबूत असलेलं हे युरोपातलं सर्वांत जुनं पुस्तक मानलं जातं. तो उठाव ठोकून काढलेला नाही, खाली भर घालून वर ओलं चामडं बसवलेलं आहे. पण ओलसर असताना चामड्यानं जो आकार घेतला तो तेराशे वर्षांनंतरही तसाच आहे. त्या वेलीच्या कडा छायाचित्रात बघताना माझ्या मनात येतं, त्या माणसानंही कधीतरी तो तुकडा हातात धरून ओल बरोबर आहे का ते चाचपलं असणार. त्याशिवाय ते झालंच नसतं.

पुस्तकबांधणीत आजही हीच जाण वेगळ्या रूपात लागते. तिथं बकरीचं किंवा वासराचं पातळ चामडं, आणि पितळी ठसे तापवून दाबायचे. ओल कमी लागते, पण ठशाची उष्णता आणि चामड्याची ओल यांचा मेळ बसावा लागतो. बांधणारे तापलेला ठसा ओल्या स्पंजावर टेकवून त्याचा चर्र आवाज ऐकतात आणि त्यावरून ठरवतात, दाबायचा की निवू द्यायचा. जास्त तापला तर चामडं जळतं, ओल जास्त असली तर लवकर जळतं. पट्टा कोरणारा आणि पुस्तक बांधणारा, दोघांची हत्यारं वेगळी, तरी एकमेकांच्या टेबलाशी बसले तर पाचव्या मिनिटाला ओलीबद्दलच बोलू लागतील.

काम झाल्यावर वाळवण्याची घाईही तितकीच घातक. हेअर ड्रायर लावला, उन्हात ठेवलं, तर वरचा थर आधी आकसतो आणि तुकडा वाटीसारखा वळतो. सपाट फळीवर, सावलीत, एक दिवस. तेल आणि रंग त्यानंतर.

आणि एक गोष्ट मी सगळ्या शिकणाऱ्यांना आग्रहानं करायला लावते. नवं कातडं आलं की त्याच्या कडेची, त्याच जाडीची एक पट्टी कापून ठेवायची. कामाचा तुकडा भिजवला की तीही सोबत भिजवायची, त्याच पिशवीत ठेवायची, सकाळी त्याच वेळी बाहेर काढायची. मग दर दहा मिनिटांनी त्या पट्टीवर एकच ठसा, तेवढ्याच जोरानं मारायचा आणि शेजारी वेळ लिहायची. पहिले ठसे फिकट आणि पसरट येतील, मग एकेक गडद होत जातील, कडा धारदार होतील, आणि शेवटी पुन्हा उथळ. त्या कातड्याचं, त्या दिवसाच्या हवेतलं पूर्ण वेळापत्रक त्या एका पट्टीवर उमटतं. मागच्या बाजूला जाडी, कातडं कुठल्या भागाचं आणि हवा कशी होती ते लिहून पट्टी खिळ्याला अडकवायची. पुढच्या वेळी त्याच कातड्याचा तुकडा काढला की आधी ती पट्टी काढून बघायची.